रीफ टाकीत काय घालू, हे विचारण्याआधी ती रोज किती खाते ते मोजा

इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. टाकी रीफची, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) आणि मासे वाढवायची, अडीचशे लिटरची, चौदा महिने जुनी. कॅल्शियम ४५० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), मॅग्नेशियम १३५०, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचा साठा, डीकेएचमध्ये मोजतात) एका आठवड्यात ८ डीकेएच, तर पुढच्या आठवड्यात ११. अ‍ॅक्रोपोराची (हे फांद्यांसारखं वाढणारं कोरल) टोकं जळल्यासारखी पांढरी पडलीत, हॅमर कोरल अर्धवट मिटून आहे, झोअँथिड (छोट्या फुलांसारखे दिसणारे मऊ जीव) फिकट झालेत आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट थर आहे. टँग माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दोनदा आले आणि दोनदा आपोआप गेले. तुम्ही विचारलंय की आता कोणतं सप्लिमेंट घालू, आणि मँडरिन मासा आणला तर चालेल का.

सप्लिमेंट सध्या कोणतंच घालू नका. तुमच्या टाकीत काही कमी पडलंय म्हणून हे झालेलं नाही. अल्कलिनिटी वरखाली झाली, कोरल्सची उपासमार झाली आणि माशांचा आजार बरा झाला असं वाटूनही तो टाकीतच राहिला, अशा तीन गोष्टी एकात एक अडकल्यात. तिन्ही सुटतात, फक्त क्रम चुकवायचा नाही.

अल्कलिनिटीपासून सुरुवात करू. अ‍ॅक्रोपोरा, हॅमर यांसारखी खडकाळ कोरल्स पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून सांगाडा बांधतात. दोन्हीचं प्रमाण ठरलेलं आहे: १ डीकेएच अल्कलिनिटी खर्च होते तेव्हा सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम खर्च होतं. आता समजा तुमची टाकी दिवसाला ०.४ डीकेएच खाते. दहा दिवस काहीच घातलं नाही तर अल्कलिनिटी ८ वरून ४ वर येईल, म्हणजे थेट निम्मी. त्याच दहा दिवसांत कॅल्शियम जेमतेम ३० पीपीएमने उतरेल, ४५० चं ४२०. घरगुती किटमध्ये १०-२० पीपीएमचा फरक सहज पडतो, त्यामुळे ही घट तुमच्या लक्षातही येणार नाही. 'कॅल्शियम ४५० आहे, सगळं ठीक आहे' असं म्हणणाऱ्यांची कोरल्स म्हणूनच अचानक गेल्यासारखी वाटतात. अल्कलिनिटी झपाट्याने हलते, कॅल्शियम रेंगाळत हलतं. टाकीचा रोजचा खर्च अल्कलिनिटीवरच दिसतो. कॅल्शियम पंधरवड्याने आणि मॅग्नेशियम महिन्याने पाहिलं तरी पुरतं. मॅग्नेशियम १२५० ते १४०० मध्ये असलं की त्याचं काम होतं, ते म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट भलत्या ठिकाणी बसू न देणं.

हा खर्च मोजायची रीत सोपी आहे. डोसिंग (बाहेरून क्षार घालणं) पूर्ण बंद करा, या काळात पाणीही बदलू नका. एका संध्याकाळी अल्कलिनिटी मोजा आणि बरोबर ४८ तासांनी त्याच वेळी, त्याच किटने, त्याच माणसाने पुन्हा मोजा. वेळ पाळायची कारण कोरल्स दिवसा उजेडात जास्त खातात. सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याशी ताडून पाहिला तर हिशेब चुकतो. सिरिंजमध्ये बुडबुडा अडकलेला नाही ना ते बघा. टोकाशी एवढासा बुडबुडा असला तरी अर्ध्या डीकेएचचा फरक पडतो. दोन मोजण्यांतला फरक भागिले दोन, हा तुमचा रोजचा खर्च.

आता भरपाई. शंभर लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला साधारण ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. खडक आणि वाळू वजा केली, संपमधलं (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतलं) पाणी धरलं, तर तुमच्या टाकीत खरं पाणी २२० लिटरच्या आसपास असेल. खर्च ०.४ निघाला तर रोज लागेल २.६ ग्रॅम सोडा. अर्धा चमचाभर. बाटलीवर छापलेला डोस तुमच्या टाकीसाठी लिहिलेला नसतो, तो सरासरी टाकीसाठी असतो आणि तुमची टाकी सरासरी नाही. सोबत कॅल्शियम क्लोराइड लागेल, तेही दोनेक ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवा, निदान अर्ध्या तासाच्या अंतराने घाला आणि जिथे प्रवाह जोरात आहे तिथेच सोडा. एकाच जागी एकामागोमाग ओतलं तर पाणी दुधासारखं होईल आणि दोन्ही वाया जातील.

खर्च एवढाच असेल तर मी डोसिंग पंपाऐवजी चुन्याच्या निवळीचं पाणी सुचवेन, ज्याला रीफवाले काल्कवासर म्हणतात. एक लिटर आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी वापरायचं. ०.४ डीकेएचसाठी दिवसाला सुमारे पाऊण लिटर लागेल. तुमच्या टाकीतून रोज याहून जास्त पाण्याची वाफ होत असणार, म्हणजे वाफेची भरपाई करतानाच डोसही होऊन जातो. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ज्या प्रमाणात कोरल्स खातात त्याच प्रमाणात मिळतात, आणि पीएचही थोडा वर राहतो. पण या पाण्याचा पीएच बाराच्या वर असतो. ते थेंबथेंबच पडलं पाहिजे, शक्यतो रात्री, कारण तेव्हा टाकीचा पीएच खाली असतो. ऑटो टॉप-ऑफचा (वाफेची भरपाई आपोआप करणाऱ्या यंत्राचा) फ्लोट अडकला आणि सगळी बादली एकदम रिकामी झाली तर टाकी एका रात्रीत संपते. म्हणून बादली मोठी ठेवू नका, दोन दिवस पुरेल एवढंच पाणी भरा. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला.

तुमचं ११ कुठून आलं, याचा उलगडा बहुधा सॉल्ट मिक्समध्ये (समुद्री पाणी बनवायच्या मिठात) आहे. काही मिक्सची अल्कलिनिटी ७-८ असते, तर काहींची ११-१२. टाकी ८ वर असताना पाव टाकी पाणी १२ च्या मिक्सने बदललं तर त्याच दिवशी टाकी ९ वर जाते. त्यावर तुम्ही 'कमी वाटतंय' म्हणून पावडर घातली असेल. नवीन पाणी टाकीत घालण्याआधी बादलीतच त्याची अल्कलिनिटी मोजा. ती टाकीपेक्षा एक-दीडपेक्षा जास्त वेगळी असेल तर मिक्स बदला, किंवा एका वेळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलू नका. सध्याची ११ खाली आणायला काहीही करू नका. डोसिंग बंद ठेवलं की कोरल्स स्वतःच आठवड्याभरात ती आठाच्या आसपास आणतील. हाच आठवडा खर्च मोजायलाही वापरा. एकदा आठवर आलात की तिथेच राहा. ७.५ की ८.५ याने फारसा फरक पडत नाही. निसर्गातल्या समुद्राची साधारण ७ असते आणि तिथली कोरल्स त्यात मजेत वाढतात. आज ८, परवा ९.५, शनिवारी पुन्हा ८, हे मात्र त्यांना सोसत नाही.

आता त्या शून्यांकडे येऊ, ज्यांचा तुम्हाला अभिमान वाटतोय. कोरलच्या मांसात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात आणि प्रकाशातून साखर बनवून कोरलला देतात. त्या शैवालांना नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. कोरलला स्वतःला पेशी बांधायलाही तो लागतो. खऱ्या प्रवाळखडकावरचं पाणी मोजलं तर नायट्रेट-फॉस्फेट फार कमी सापडतं, ते खरंच आहे. पण तिथून दिवसरात्र प्लवकांचा, माशांच्या विष्ठेचा, सडलेल्या कणांचा न थांबणारा लोंढा वाहत असतो. पाण्यात साठा कमी, पण येणारं अन्न भरपूर. आपल्या टाकीत तो लोंढा नाही. तुम्ही स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) जोरात ठेवलाय, वर फॉस्फेट रिमूव्हर लावलाय आणि मासे तीनच. अशा टाकीत किट शून्य दाखवतं तेव्हा कोरल उपाशी असतं.

अल्कलिनिटी ११ आणि पोषण शून्य ही जोडी अ‍ॅक्रोपोराला सगळ्यात वाईट. टोक हा त्याचा सर्वांत वेगाने वाढणारा भाग. पाण्यात कार्बोनेट मुबलक असल्याने सांगाडा पुढे धावतो, पण त्यावर चढायला मांस बनवायचं सामान नसतं. टोकाशी नुसता पांढरा सांगाडा उघडा पडतो. जळल्यासारखी टोकं दिसली की अनुभवी रीफवाले आधी हीच जोडी तपासतात. तुमच्या वर्णनात बुंध्याकडून मांस सुटल्याचा उल्लेख नाही, ही चांगली गोष्ट आहे. बुंध्याकडून वर सरकत मांस सुटत असेल तर प्रकरण वेगळं असतं आणि वरचा निरोगी तुकडा तोडून फ्रॅग म्हणून वाचवावा लागतो. फक्त टोकं गेली असतील तर परिस्थिती सुधारल्यावर काही आठवड्यांत मांस पुन्हा चढतं.

तो तपकिरी थर डायटम आहे की डायनोफ्लॅजेलेट (दोन्ही एकपेशीय सूक्ष्म जीव), हे घरी तपासता येतं. थोडा थर टाकीच्या पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवून मोकळा करा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा शेंबडासारखे धागे जुळून आले तर ते डायनोफ्लॅजेलेट. बुडबुडे धरलेला थर, रात्री विरळ आणि दुपारपर्यंत पुन्हा दाट, शिवाय दोन्ही पोषणद्रव्यं शून्य, हे चित्र पाहता मला त्याचीच दाट शंका आहे. इतर सूक्ष्म जीव उपाशी मरतात तेव्हा ही जात मोकळ्या झालेल्या जागेवर पसरते. तुमच्या गोगलगाई उलट्या पडून मरत असतील तर ते आणखी एक लक्षण, कारण यातल्या काही जाती विषारी असतात. त्यामुळे हा थर काढताना तोंडाने नळी ओढू नका.

उपाय हा की फॉस्फेट रिमूव्हर आजच काढा. स्किमर थोडा कोरडा चालवा, म्हणजे तो फेस कमी काढेल. थर सायफनने काढत राहा, पण ते पाणी बारीक फिल्टर पिशवीतून गाळून परत टाकीत सोडा. या काळात मोठे पाणीबदल करू नका, प्रत्येक पाणीबदलाने उरलंसुरलं पोषण निघून जातं. माशांना दिवसातून तीनदा थोडं थोडं खायला द्या. लक्ष्य ठेवा नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम. फॉस्फेटचा आकडा सुरुवातीला वर चढणारच नाही, त्याने गांगरू नका. खडक कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि फॉस्फेट धरून ठेवतो. आधी खडक पोट भरून घेतो, मग पाण्यात आकडा दिसतो. साधं रंग जुळवायचं किट इतकं बारीक मोजत नाही, त्यासाठी कमी पातळीचा डिजिटल कलरीमीटर घ्या. या छंदात ज्या थोड्या उपकरणांवर पैसे खर्चावेत असं मी म्हणेन, त्यात हा येतो.

पोषण वाढवलं की टाकीत हिरवं शेवाळ येईल. येऊ द्या. काचेवर आठवड्यातून दोनदा पुसावं लागेल इतकं शेवाळ हे जिवंत टाकीचं लक्षण आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जकार्तातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि उजेड एवढ्यावर टाकी चालवून दाखवली आणि त्याबद्दल लिहिलं. पुढच्या पिढ्यांनी स्किमर, गाळण मीडिया, संप अशी भर घातली आणि ती उपयोगी आहेच. पण टाकीतलं शुद्धीकरणाचं मुख्य काम अजूनही खडकावरचे जीवाणू आणि बारीक जीवच करतात, आणि त्यांनाही खायला लागतं.

प्रकाश आणि प्रवाहाबद्दल थोडक्यात. फिकट पडलेल्या कोरलमध्ये शैवालं कमी उरलेली असतात, त्याला पूर्वीचा प्रखर प्रकाश झेपत नाही. दिव्यांची तीव्रता पंचवीस टक्क्यांनी उतरवा, रंग परत आले की दर आठवड्याला थोडी थोडी वाढवा. झोअँथिड आणि मऊ कोरलला ५० ते १०० पार (वाढीला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो, हॅमरला १०० ते १५०, अ‍ॅक्रोपोराला २०० ते ३५०. पार मीटर विकत घ्यायची गरज नाही, एखाद्याकडून दिवसभरासाठी मागून आणा आणि प्रत्येक खडकाची नोंद करून ठेवा. प्रवाह असा हवा की हॅमरच्या शेंड्या संथ डोलतील, एकाच बाजूला वाकून राहणार नाहीत. हॅमरभोवती पंधरा-वीस सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. दिवसा गरीब दिसणारं हे कोरल रात्री लांब दंश करणारे धागे बाहेर काढून शेजाऱ्याला भाजतं.

खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून ठेवला असेल तर तो ३५ पीपीटीला (हजारात ३५ भाग मिठाला) चूक दाखवू शकतो. ३५ पीपीटीचंच कॅलिब्रेशन द्रावण घ्या आणि त्यावर लावा. पीएच दिवसभरात ७.८ ते ८.४ मध्ये फिरत असेल तर त्याला हात लावू नका. तो कमी असण्याचं कारण बहुतेक वेळा खोलीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड असतो. खिडकी उघडणं किंवा स्किमरची हवेची नळी बाहेरून घेणं हा त्याचा उपाय. पीएच बफर घातलात तर शेवटी अल्कलिनिटीच वाढते आणि तुम्ही पुन्हा ११ वर पोहोचता.

आता मासे. तुमच्या टँगला झालेला आजार वर्णनावरून क्रिप्टोकॅरिऑन वाटतो, ज्याला समुद्री इच म्हणतात. तो 'आपोआप गेला' असं तुम्हाला वाटलं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. अंगावर मिठाच्या कणासारखा दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेत शिरून खाणारा परजीवी. तीन ते सात दिवस खाऊन तो माशावरून गळून पडतो. त्या दिवशी मासा स्वच्छ दिसतो आणि मालक खूश होतो. गळालेला परजीवी खडकाला, वाळूला, गोगलगाईच्या शंखालाही चिकटून कवच करतो. आत त्याचे शेकडो भाग होतात आणि काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी ते पिल्लू जीव बाहेर पडून मासा शोधतात. त्यांना दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात. तुमच्या टाकीत मासे आहेत, म्हणून त्यांना तो नेहमीच सापडतो. प्रत्येक फेरीत संख्या वाढते. त्वचेवरून गेलेला आजार कल्ल्यांत राहून बाहेरून न दिसताही चालू राहू शकतो.

कोरल-सेफ म्हणून विकली जाणारी औषधं, लसूण, क्लीनर कोळंबी यांनी हे चक्र तुटत नाही. तुमच्याकडेही दुसऱ्यांदा ठिपके आलेच. खात्रीचा मार्ग एकच: सगळे मासे बाहेर काढायचे, ठिपका नसलेले क्लाउनफिशसुद्धा, आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांशिवाय ठेवायची. कवचात हा जीव किती टिकतो, याच्या सर्वांत लांब नोंदी पाहून रीफवाल्यांनी हा आकडा धरलाय. कोरल्स, कोळंबी, खेकडे, गोगलगाई टाकीत राहू शकतात, त्यांना हा आजार होत नाही.

माशांवर उपचार वेगळ्या टाकीत करा. साठ-सत्तर लिटरची उघडी टाकी, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, हीटर आणि स्पंज फिल्टर. हा स्पंज आजच संपमध्ये टाकून ठेवा, म्हणजे आठवड्याभरात त्यावर जीवाणू बसतील. खडक किंवा वाळू घालू नका, ती औषध शोषून घेते. उपचार दोन प्रकारे होतो. एक म्हणजे तांब्याचं औषध, उत्पादकाने सांगितलेल्या पातळीवर सलग ३० दिवस. ती पातळी तांब्याच्या टेस्ट किटने रोज मोजायची, कारण कमी पडलं तर परजीवी वाचतो आणि जास्त झालं तर मासा जातो. या टाकीत रोज अमोनियाही मोजा. तो वाढला तर पाणी बदला आणि नव्या पाण्यात तेवढंच औषध घाला. अमोनिया बांधून ठेवणारी रसायनं तांब्यासोबत वापरू नका, काही प्रकारच्या तांब्याचा विषारीपणा त्याने एकदम वाढतो. दुसरा मार्ग औषधाशिवायचा. माशांना दर ७२ तासांनी पूर्णपणे स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत हलवायचं, असं चार वेळा. गळालेला परजीवी कवच फोडून बाहेर यायच्या आत मासा निघून गेलेला असतो. कष्ट जास्त, पण टँगसारख्या तांब्याला नाजूक माशासाठी मला हा मार्ग आवडतो. तांब्याचा एक थेंबही मुख्य टाकीत जाता कामा नये. जाळी, बादल्या, नळ्या वेगळ्या ठेवा.

एक फरक लक्षात ठेवा. ठिपके मिठाच्या कणांसारखे सुटे न दिसता अंगावर बारीक पूड भुरभुरल्यासारखी दिसली, मासा धापा टाकत वेव्हमेकरच्या प्रवाहात तोंड धरून उभा राहिला आणि उजेड टाळू लागला, तर तो व्हेल्वेट नावाचा दुसरा परजीवी आजार असू शकतो. त्यात दोन-तीन दिवसांत सगळे मासे जातात. तेव्हा ७२ तासांची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी माशांना वेगळं करून तांबं सुरू करायचं.

क्रमाचं महत्त्व इथे येतं. मासे काढले की टाकीत अन्न पडायचं बंद होतं आणि नुकतंच वर आणलेलं पोषण पुन्हा शून्यावर जातं. म्हणून आधीचा आठवडा अल्कलिनिटी स्थिर करण्यात आणि उपचाराची टाकी उभी करण्यात घालवा, मग मासे हलवा. त्यानंतरही मुख्य टाकीत रोज चिमूटभर गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा कोरलचं खाद्य टाकत राहा, जणू मासे आहेतच. आठवड्यातून दोनदा नायट्रेट-फॉस्फेट पाहा आणि गरज पडली तर ते मोजून वेगळे घाला. ७६ दिवसांची उपासमार झाली तर मासे वाचतील पण अ‍ॅक्रोपोरा जाईल.

टँगबद्दल मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. अडीचशे लिटरची टाकी बहुतेक वेळा मीटरभर लांबीची असते. टँग हा खडकावरून लांब पल्ल्याने पोहणारा, दिवसभर शेवाळ खुडणारा मासा आहे. इतक्या छोट्या जागेत तो कायम तणावात राहतो, आणि तणावातल्या माशाला इच आधी पकडतो. उपचार पूर्ण झाल्यावर त्याला मोठ्या टाकीवाल्याकडे द्या. तोवर रोज नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) द्या, क्लिपला लावून, दिवसभर खुडता येईल अशी.

यापुढे जे काही आणाल ते आधी वेगळं ठेवा. मासे तर ठेवाच, पण कोरलचा फ्रॅग ज्या खडकाच्या तुकड्यावर येतो त्यालाही परजीवीचं कवच चिकटून येऊ शकतं. फ्रॅग आल्यावर कोरल डिपमध्ये (कीड मारायच्या द्रावणात) बुडवा, पण डिपने चपटे किडे मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. भिंग घेऊन बुंध्याशी तपकिरी चकत्यांसारखी अंडी दिसतात का पाहा, दिसली तर ब्लेडने खरवडून काढा. त्यापेक्षा फ्रॅगचा जुना प्लग (तो ज्यावर चिकटवलेला असतो तो छोटा तळ) काढून टाकून नव्या प्लगवर चिकटवणं जास्त सुरक्षित.

तुमच्याकडे झोअँथिड आहेत, म्हणून हेही सांगतो. त्यांच्यात आणि विशेषतः पॅलिथोआ या त्यांच्या जातभाईंत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असू शकतं. कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, पाण्याचा शिंतोडाही डोळ्यात गेला तर इजा होते. त्यांचा त्रास झाला म्हणून खडक उकळायचा विचार कधीही करू नका. वाफेतून ते विष घरभर पसरतं आणि त्याने घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यावं लागल्याच्या घटना झाल्या आहेत. गरम पाणी किंवा स्टीम क्लीनर वापरणंही तितकंच धोक्याचं.

यंत्रांबद्दल दोनच गोष्टी. एक मोठा हीटर लावण्याऐवजी दोन छोटे लावा आणि ते बाहेरच्या कंट्रोलरवर ठेवा. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटतो तेव्हा तो बहुधा चालू स्थितीत चिकटतो, आणि छोटा हीटर एकट्याने टाकी शिजवू शकत नाही. तापमान २५ ते २७ अंशांत ठेवा. आणि वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा, बॅटरीवर चालणारा एअर पंप आजच आणा. प्रवाह थांबला की तापमान उतरण्याच्या कितीतरी आधी पाण्यातला ऑक्सिजन संपतो, काही तासांतच, आणि सगळ्यात आधी मोठे मासे जातात.

आता मँडरिन. मासा देखणा आहे आणि त्याचा मोह मला समजतो. पण तो दिवसभर खडकावरून कोपेपॉड (डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव) टिपत फिरतो. त्याच्या पोटाची रचनाच थोडं थोडं सतत खाण्याची आहे, दिवसातून दोनदा टाकलेल्या खाद्यावर तो हळूहळू खंगतो. बहुतेक मँडरिन भुकेने मरतात, आजाराने नव्हे. तुमच्या बाबतीत चांगली गोष्ट अशी की ७६ दिवस मासे नसतील तेव्हा कोपेपॉडना खाणारं कोणी उरणार नाही आणि त्यांची संख्या वाढेल. तिसऱ्या आठवड्यात त्यांची एक बाटली टाकीत सोडा, संपमध्ये शेवाळाचा गोळा असेल तर अर्धी बाटली तिथे सोडा. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्चने काच पाहा. काचेवर पांढरे ठिपके सगळीकडे सरपटताना दिसले आणि मासे परत आल्यानंतर महिनाभरही तसेच दिसत राहिले, तरच मँडरिनचा विचार करा. टाकीत जन्मलेला, गोठवलेलं अन्न घेणारा मिळाला तर उत्तम. विक्रेत्याच्या टाकीत तो खाताना स्वतः पाहा, आणि पाठीमागून पाहिल्यावर पोट आत गेलेलं किंवा कण्याजवळ खोलगट दिसत असेल तर तो घेऊ नका. एकच घ्या, आणि त्याच्याच खाद्यावर डोळा ठेवणारा सिक्स-लाइन रास मासा टाकीत ठेवू नका.